शरिफाबीची तसबीर

"ही कोण गं?" शेजारच्या मथुराबाईनं विचारलं आणि लगेच तोंडाला पदर लावला. विचारायला नको होतं, हे तिला नेहमी विचारून झाल्यावर कळायचं.

शरिफाबीनं कापडाची गुंडाळी दोन्ही हातांनी ताणून धरली होती. सोडली की ती पुन्हा गोल व्हायची. कापडावर एक बाई रंगवलेली होती. गोल चेहरा, गालाची हाडं वर आलेली, नाक बसकं. डोळे इतके बारीक की ती हसते आहे की उन्हाकडं बघते आहे, ते समजू नये. अंगावर हिरवी साडी.

"म्या हाय," शरिफाबी म्हणाली.

"तू?"

"ते म्हणतेत तसं."

ते म्हणजे गफार, तिचा नवरा. नळदुर्गाजवळ सहकारी सूतगिरणीची इमारत उठणार म्हणून सेंटरिंगच्या फळ्या ठोकायला गेला होता. इमारत छातीएवढी उठली आणि तिथंच थांबली. दुष्काळानं बाकीची कामंही थांबवली, तेव्हा गफार कुवेतला गेला. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

तसबिरीबरोबर एक कॅसेट आली होती. सुट्टीवर आलेला सोलापूरचा कुणी माणूस दोन्ही वस्तू हायवेवर खाजाभाईच्या ढाब्यात ठेवून पुढं गेला होता. खाजाभाईनं चालू असलेली कव्वाली काढून गफारला लावलं. चहा पिणारे ट्रकवालेही ऐकू लागले, पण त्याला इलाज नव्हता.

"शरिफा," टेपातला गफार बोलला, "इथं कॅम्पात फिलिपीनवाल्यांचं एक मंडळ हाय. पत्र्याची एक खोली. ज्याच्या त्याच्या पगारातनं वर्गणी काढतेत आन् रंग, ब्रश, गिटारी घेतेत. शुक्करवारी गातेत, चित्रं काढतेत. कुणी आजारी पडला, कुणाचं काम सुटलं, तर तिकीट काढून घरला धाडतेत. आमाला म्हणतेत, तुमीबी या. त्यांच्यात एक डोमिंगो हाय, वेल्डर. तुझा फोटो न्हाय ना माझ्यापाशी? म्या सांगत गेलो, त्यानं तसबीर काढली. हुबेहूब तू."

फोटो नव्हता, हे खरं. निघायच्या आधी गफारनं फोटो काढायचं दोनदा म्हटलं होतं. पण परक्या माणसापुढं उघड्या तोंडानं बसायचं न्हाय, असं सासूनं बजावलं, आणि शरिफाबीलाही लाज वाटली. "चेहरा काय विसरता का?" असं ती वर हसून म्हणाली होती.

सासूला मोतीबिंदू होता. तिनं तसबीर डोळ्यांपाशी नेली, बोटं फिरवली.

"तूच की. नाकावर जरा सूज आल्यावाणी दिसती." मग तिनं हुकूम सोडला, "पण नमाजाच्या वक्ताला तोंड भिंतीकडं करून ठेव तिचं."

तेव्हापासून शरिफाबी घरी असली की दर नमाजाला खिळ्यावर टांगलेल्या त्या बाईला भिंतीकडं वळवत होती आणि पुन्हा घरात घेत होती.

रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना मथुराबाईला राहवलं नाही. "नर्स असंल बघ. फिलिपीनच्या नर्सा लई असतेत म्हणं तिकडं. तिलाच हिरवी साडी नेसवली आन् दिली धाडून."

"नर्स आपली तसबीर दुसऱ्याच्या बायकूला कशाला धाडंल, अक्का?"

"ते बी खरंच." मथुराबाईनं हातोडा घातला. "माझ्या मालकानं तर म्या समूर बसलेली असतानाबी माझं तोंड नीट बघितलं न्हाय. तुझ्यानं निदान इच्यार तरी केला."

शरिफाबी हसली खरी. गफारनं दुसरी बाई केली असती, तर तिनं भांडण काढलं असतं. भांडायला ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण गफारला खरंच वाटत असेल, की आपली बायको अशी दिसते, तर? विसरलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

मग खडी फोडता फोडता ती त्याचा चेहरा आठवून बघू लागली. रंधा चालवताना ताठ होणारी मान आली. बोटांच्या पेरांत अडकलेला भुसा आला. कानसुद्धा आले, ते तसेही मोठेच होते. पण डोळे येईनात. तिनं हातोडा खाली ठेवला. टँकर आल्याचा गलका झाला, बायका उठल्या, तरी ती बसूनच होती.

उमरग्याच्या सकिनाबीचं तिला खाजाभाईकडून कळलं. तिचा नवरा मैनोद्दीन गफारच्याच कॅम्पात आहे आणि तिलाही म्हणे तसबीर आली आहे. सुट्टीच्या दिवशी शरिफाबीनं म्हैस मथुराबाईवर सोपवली.

"संध्याकाळचं दूध सोसायटीत घालाल ना, अक्का?"

"निघालं तर घालीन. चाराच न्हाय तर ती तरी कुठनं देईल बिचारी?"

सकिनाबी दारातच बसली होती. अंगानं थोराड, तोंडभर देवीचे वण. नळदुर्गाहून गफारची बायको आली म्हटल्यावर तिनं पाणी दिलं आणि न विचारताच आतल्या खोलीचा पडदा सरकवला.

भिंतीवर तीच बाई होती. तोच गोल चेहरा, तेच बसकं नाक, तेच मिटल्यासारखे डोळे. फक्त साडी पिवळी.

शरिफाबीनं जवळ जाऊन बघितलं. मग तिला हसू फुटलं. सकिनाबीही हसू लागली, आणि दोघी अनोळखी बायका एकमेकींच्या खांद्याला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"म्याबी महिनाभर रडले," सकिनाबी म्हणाली. "मग हे सुट्टीवर आले आन् त्यांनी सांगितलं. ही डोमिंगोची बायको हाय."

"नर्स?"

"मोलकरीण. हाँगकाँगात, लोकांच्या घरी. ह्यो कुवेतला, ती तिकडं, पोरं फिलिपीनला आजीजवळ. सहा वर्षं झाली, गाठ न्हाय. कुणाचीबी बायकू काढाय बसला की हीच उतरती."

"आन् ह्या लोकांना दिसत न्हाय?"

"दिसतं की. कॅम्पात सगळ्यांना म्हायती हाय. केरळवाला, पेशावरवाला, सगळ्यांच्या बायका अशाच." सकिनाबीनं पदरानं डोळे पुसले. "पर चित्र झालं की डोमिंगो इच्यारतो, बराबर? एक पैसा न घेता तीन शुक्करवार बसलेला असतो बिचारा. मग काय म्हणायचं त्याला? बराबर म्हणायचं."

शरिफाबी हळूच म्हणाली, "माझे मालक तर म्हणतेत, हुबेहूब."

"त्यांनी सांगितलेलं तर आपलंच असतं ना. आता माझ्या मालकानं देवीचे वण सांगितलेच न्हाईत. बघ, कशी चकचकीत हाय म्या." सकिनाबीनं स्वतःच्या गालावर हात फिरवला. "तुझ्या तसबिरीत तुझं काय हाय?"

"साडी. हिरवी, निकाहानंतरची पहिली. चमकी डाव्या नाकपुडीत. आन्..."

तसबिरीत डाव्या भुवईत एक बारीक रेघ मोकळी होती. रंग उडाला असेल, असं तिला महिनाभर वाटत होतं. तिचं बोट आपोआप भुवईवर गेलं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात आडावर घागरीचा काठ लागला होता. गफारनं रक्त थांबेपर्यंत हळद दाबून धरली होती. त्या जागी केस पुन्हा आले नाहीत. तिच्या आईलाही ते कधी दिसलं नव्हतं.

"आन् काय?" सकिनाबीनं विचारलं.

"काय न्हाय. मार लागलेला एकदा."

परतताना एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही अंगाला करपलेली रानं दिसत होती. शरिफाबीचं बोट अधूनमधून भुवईवर जात होतं.

गफारला जबाबाची कॅसेट भरायला ती दुपारी ढाब्यावर गेली. गिऱ्हाईक नव्हतं. खाजाभाईनं टेप समोर ठेवला, लाल बटण दाबलं आणि पाठ फिरवून बसला. तेवढी रीत तो पाळायचा.

"अम्मा बरी हाय," शरिफाबी बोलू लागली. "म्हैस आटत चालली. सोसायटीत आता निम्म्या बायका रिकामी चरवी घेऊन येतेत, बसून बोलतेत आन् जातेत. मथुराअक्का मदतीला हाय. पाणी टँकरचं." तिनं पदर सारखा केला. "तसबीर पोचली. बराबर हाय. त्या डोमिंगोंना सांगा, बराबर हाय म्हणून."

खाजाभाईनं न बघता मागं हात करून बटण बंद केलं.

"थांबा भाऊ, आणिक एक."

त्यानं पुन्हा दाबलं.

"त्या बाईचं नाव काय, ते इच्यारून घ्या. घरात ऱ्हाती, तर नाव म्हायती पाहिजे."

भुवईतल्या रेघेचंही बोलायचं होतं, पण तिचं बोट नुसतं भुवईवर फिरत राहिलं. बाहेरून हैदराबादकडं एक ट्रक गेला. कॅसेटची चाकं फिरतच होती. खाजाभाईचा हात बटणापाशी होता, पण पट्टी संपेपर्यंत त्यानं ते दाबलं नाही.