तड्यातून गळलेली आंबील

मित्रांनो, मी एक जुनी बिंदगी आहे, म्हणजे आंबिलीचं मातीचं मडकं. तोंड अरुंद, पोट गरगरीत आणि त्या पोटाला बोटभर लांब तडा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला रडू येणार आहे.

उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात सटवाजी कुंभारानं मला घडवलं. त्यानं मला असं थापटलं, असं बडवलं की बस! सिद्धम्मा तेव्हा नवी नवरी होती. तिनं टिचकी मारून माझा आवाज ऐकला, पदरानं मला पुसलं आणि डोक्यावर घेऊन शेतात नेलं. पुढं ती आज्जी झाली, तरी दर येळवसला मीच.

येळवस म्हणजे मार्गशीर्षाच्या शेवटची वेळा अमावस्या. कानडीतल्या येळ्ळ अमावस्येची इकडं येळवस झाली, असं जुनी माणसं सांगतात. त्या दिवशी लातूरच्या बाजारात चिटपाखरू दिसत नाही, सगळा मुलूख रानात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग ओल्या तुरीची, वालाची, हरभऱ्याची एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेली, लसणाची आंबील! वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. नियम एकच. आधी माझ्यात आंबील भरून सगळ्या रानाला फेरी मारायची, पिकावर शिंपडत जायचं. फेरी पुरी झाल्याशिवाय कुणी आंबील तोंडाला लावत नाही.

काही वर्षांमागं मी ओसरीवर आपटले आणि तडकले. सटवाजी वारला होता, त्याचं चाक लेकरांनी अडगळीत टाकलं होतं. नवी बिंदगी कुठून आणणार? सिद्धम्मानं चुना आणि गूळ कुटून माझा तडा बुजवला. "तू अन् मी, दोघी बी डागडुजीवरच," असं म्हणून ती हसली होती.

यंदा कार्तिकात सिद्धम्मा न्हाणीत घसरली. पाय प्लास्टरमध्ये आणि ती बाजेवर. येळवसचा सगळा भार सुनेवर, शिवानीवर आला. शिवानी नांदेडची. पोरगी कष्टाची, पण धास्तावलेली, कारण पहिल्यांदाच तिचं माहेर येळवसला रानात येणार होतं. आपल्या हातचं काही बिघडू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"अहो, एवढ्या माणसाला ही तडकलेली बिंदगी पुरती का?" ती नवऱ्याला, वीरेशला म्हणाली. "माळ्यावरची पितळी घागर काढते."

"काढ की. अव्वाला कशाला इचारायचं? झोपू दे तिला."

मेल्या, आईला विचारायला काय झालं होतं! शिवानीनं घागरीला चिंच लावली आणि आतून-बाहेरून अशी घासली की सोन्यासारखी झाली. आत कल्हईचे जे चार ठिपके उरले होते, तेही निघाले. गावात कल्हईवाला येऊन किती वर्षं झाली, कोण जाणे! मी कोपऱ्यातून बघत होते. अगं बाई, आंबट आणि उघडं पितळ! आंबील कळकणार, तिचं विष होणार! पण मडक्याला जीभ कुठली? आंबील रात्रीच घागरीत गेली, झाकण बसलं, आणि मला नुसता चुन्याचा हात देऊन फेरीसाठी बाजूला ठेवलं.

सकाळी सगळे रानात. सिद्धम्माला जीपमधून आणून कोपीपाशी बसवलं. पूजा झाली आणि शिवानीनं घागरीतली आंबील माझ्यात ओतली. मित्रांनो, ती पोटात पडताच मला कळलं. ती तुरट, कडवट, विषारी चव माझ्या अंगात भिनत गेली. वीरेशनं मला खांद्यावर घेतलं, "चांगभलं!" म्हणत निघाला. मागं वळून बघितलं तर शिवानी पेले मांडत होती. तिचा म्हातारा बाप सगळ्यात पुढं बसला होता, मांडीवर नात घेऊन.

एक बांध झाला. दुसरा झाला. काय करू? कुणाला सांगू? उडी मारून फुटावं म्हटलं, तर वीरेशचा हात घट्ट. तेवढ्यात तड्यात काहीतरी चुरचुरलं. आंबट आंबील चुन्याला खात होती. ज्या तड्याची आयुष्यभर लाज वाटली, त्यालाच मी हात जोडले. गळ बाबा, गळ! आज नाही गळलास तर कधी गळणार?

तिसऱ्या बांधावर बूच सुटलं. माझ्या पांढऱ्या पोटावरून हिरवट निळा ओघळ निघाला आणि वीरेशच्या सदऱ्यावर उतरला. त्याला वाटलं, पाल्याचा रंग लागला. तो तसाच चालत राहिला. कोपीपाशी पोचलो तेव्हा पेले भरून झाले होते. शिवानीच्या बापानं पेला उचलला होता.

"थांबा!" सिद्धम्मा किंचाळली. "कुणी तोंडाला लावू नका! वीरेश, सदरा कशानं हिरवा झाला रं?"

तिनं मला ओढून घेतलं, ओघळावर बोट फिरवलं, वास घेतला, मग घागरीकडं बघितलं.

"कल्हई न्हाई हिला. कळकली आंबील. ओता सगळी खड्ड्यात."

शिवानीनं बापाच्या हातातला पेला काढून घेतला. "मी सगळ्यांना मारलं असतं, आत्याबाई," म्हणत ती ऊर फुटेस्तोवर रडली.

"रडत नको बसू. तुला कुणी सांगितलंच न्हाई, ती चूक माझी बी हाय." सिद्धम्मानं तिला जवळ घेतलं. शेजारच्या रानातून श्रीमंतरावांनी आपली आंबील पाठवली, आणि पाहुणे जेवले. कुणाला काही झालं नाही.

झालं ते मला. सिद्धम्मानं मला राखेनं धुतलं, उन्हात वाळवलं, परत धुतलं आणि तीनदा वास घेतला. मग मला मांडीवर घेऊन तिनं तड्यावरून बोट फिरवलं. मातीनं पिलेलं परत निघत नाही, मित्रांनो. आता माझ्यात आंबील नको, पाणीसुद्धा नको. मी कोपीच्या जागेवर पालथी पडून आहे. शिवानी रानात आली की माझ्यापाशी थांबते, हात लावते आणि कामाला जाते.

तुमच्या घरात पितळी भांडं असेल तर त्यात आंबट घालण्याआधी आत डोकावून बघा. म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवून विचारावं लागलं तरी विचारा. आणि तुमच्या गावात एखाद्या कुंभाराचं चाक अजून फिरत असेल, तर सिद्धम्माला तेवढा निरोप द्या. सहा गावं विचारून झाली, बिंदगी कुणी घडवत नाही. पुढची येळवस येईल, फेरीची वेळ होईल, आणि वीरेशचा खांदा मोकळा असेल. देवाशपथ, लवकर सांगा!