खुळखुळ्याचा बांध

एकोणीसशे चौसष्ट सालचा दसरा जवळ आला होता, तेव्हाची ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. आज माझे पाते गंजले आहे, मूठ सैल झाली आहे आणि गोठ्याच्या कुडात मी खोचलेला आहे. त्या वर्षी मात्र मी ऐन धारेत होतो. तेच वाईट झाले.

कचरू लोहाराने मला मोटारीच्या कमानपाट्यातून घडवले. रोहिणखेडच्या बनाबाईने मला उचलले, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा माह्या हाताले बसला." पुढे अकरा वर्षे मी तिच्याबरोबर ज्वारी कापली, गवत कापले. ती मला कुणाला उसना देत नसे.

बनाबाईची एक रीत होती. तिच्या शेताच्या बांधावर खुळखुळा माजायचा. पाऊस सरला की तो वाळायचा आणि शेंगांतले दाणे वाऱ्याने वाजायचे. ती त्याला विळा लावू देत नसे. दसऱ्याच्या सुमारास फुलपाखरांचे थवे यायचे. काळे पंख, त्यांवर निळसर ठिपके. कुठून येत, कुणास ठाऊक. आजूबाजूची फुले सोडून ती त्या वाळक्या काड्यांनाच लटकायची. काडी दिसायची नाही, नुसती पाखरे दिसायची. चार दिवस थांबून ती घाटाकडे निघून जायची. मग बनाबाई मला कमरेतून काढायची आणि बांध साफ करायची. लग्न होऊन आल्यापासून तिचे एकही वर्ष चुकले नव्हते.

चौसष्ट साली तिची नजर विझत चालली. मुलगा सहदेव तिला मलकापूरला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या शिरा सुकल्या आहेत, इलाज नाही. हातभर अंतरावरचे तेवढे तिला अंधुक दिसत होते. परतल्यावर तिने एकच विचारले, "दसऱ्यापावतर टिकतीन ना डोये? यंदाचे पाखरं तेवढे पाहून घेऊ दे."

घरात नवी सून आली होती, सहदेवची बायको शालूबाई. माहेर देऊळगाव राजाचे. ती चेष्टेने म्हणाली, "आत्याबाई, किती कौतुक त्या पाखरांचं! आमच्या बालाजीच्या यात्रेइतकी गर्दी करतात का?"

"तुह्या यात्रेत ढकलाढकली लय, वं," बनाबाई म्हणाली. "माहे पाखरं गुमान बसतात."

शालूबाईला सासूची हौस पुरवायची होती. पाखरे कशावर बसतात हे तिने विचारले नाही. फुलपाखरू फुलावर बसते, त्यात विचारायचे काय? पावसाळ्यात तिने बांधावर झेंडू लावला होता, तो आता भरात होता. मध्ये हा वाळका कचरा कशाला? बनाबाई घरी घटापाशी बसली होती. शालूबाईने मला घेतले आणि सगळा खुळखुळा बुडापासून कापला. मी चांगला चाललो. एकही काडी मला अडली नाही. भारे घरी आले आणि न्हाणीचे पाणी तापवायला चुलीत गेले.

दसऱ्याला मला धुतले, कुंकू लावले, त्याच झेंडूचे फूल वाहिले. तेवढा मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाखरे आली. शालूबाई सासूला हाताला धरून बांधावर घेऊन आली. मी सुनेच्या कमरेला होतो. थवा डोक्यावरून खाली उतरला, काड्या होत्या त्या जागेवर घिरट्या घालू लागला. झेंडूकडे एकही वळले नाही. मग सगळा थवा वर उठला आणि घाटाकडे निघाला. बनाबाई दोन्ही हात पुढे करून बसली होती.

"आले का, वं?"

शालूबाई म्हणाली, "आलेत, आत्याबाई. बसलेत. तुमच्या समोरच."

"कायच्यावर?"

"काड्यांवर."

बनाबाईने हात पुढे नेला. काडी लागली नाही. हात खाली आणला. बोटांना तिरपे कापलेले बुंधे लागले. तो माझाच घाव होता. तिने एकेक बुंधा चाचपला.

"कापलं काऊन?"

"तुम्हाला नीट दिसावं म्हणून. मला वाटलं, फुलांवर बसतील." शालूबाई रडू लागली.

बनाबाईने बोटांची माती पदराला पुसली. मग म्हणाली, "कापलं ते कापलं, पोरी. पन डोये नाहीत म्हून मले खोटं दाखवू नको."

संक्रांतीपर्यंत तिला पुरता अंधार झाला. पुढच्या वर्षी खुळखुळा उभा होता. पाखरे आली, काड्यांना लटकली. बनाबाई तिथेच बसली होती. तिला काहीच दिसले नाही.

मित्रांनो, धार असलेली वस्तू विचार करत नाही. तो धरणाऱ्या हाताने करायचा असतो. कापण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला एकदा विचारत जा. मला कुणी विचारत नाही म्हणून हे न विचारता सांगतो आहे.

कचरू लोहाराचा भाता त्याच्यामागे कुणी धरला नाही. सहदेव मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला आणि शेतीकडे परतला नाही. बनाबाई आणखी अकरा वर्षे जगली. दर दसऱ्यानंतर ती बांधावर बसून विचारायची, "किती?" शालूबाई मोजून सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात तिने सांगितले, "एकही नाही, आत्याबाई." म्हातारीने मान हलवली आणि उठली.

शालूबाई आता स्वतः म्हातारी आहे. अजूनही ती त्या दिवसांत बांधावर जाते, मोजते आणि जवळ कुणी नसताना आकडा मोठ्याने सांगते. नातसुना हसतात. गेल्या वर्षी तिने सांगितले, "नऊ."