इस्त्रीच्या टेबलापाशी थांबलेली शाळा

मित्रांनो, मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. मोडक्या दाराच्या फळ्यांपासून सुताराने मला बनवले. अंगावर दोन जाड कांबळी, वर पांढरी चादर, आणि आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी. इस्त्रीवाल्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मी तीस वर्षे उभे आहे. इथली कॉलर दिवसभर मान टाकत नाही, असे गिऱ्हाईक म्हणत. ते ऐकून मला बरे वाटे.

इस्त्रीवाल्याला दोन मुली. थोरलीची शाळा त्याने सातवीनंतर बंद केली. "माझी बहीण शिकली आणि या घराला पाठ दाखवून गेली. पोरी घरातच बऱ्या," तो म्हणे. दुसऱ्या दिवसापासून थोरली माझ्यापाशी उभी राहू लागली. मैत्रिणींचे गणवेश तिच्याच हातून जात. ते ती सर्वांत शेवटी घेई.

तिने एक पुस्तक माझ्या कांबळ्यांमध्ये लपवले होते. एकदा वाचण्याच्या नादात एका शर्टाची पाठ जळाली. इस्त्रीवाल्याने शर्ट बाजूला सारला. कांबळी उचलली, पुस्तक काढले आणि शेगडीत घातले. त्याच निखाऱ्यांनी त्या दिवशी इस्त्री तापली.

तिच्या शाळेतल्या बाई आमच्याकडेच कपडे टाकत. थोरलीकडून त्यांना हे कळले. मग त्यांच्या कपड्यांच्या खिशांतून एकेक धडा येऊ लागला. थोरली उत्तरे लिहून त्याच खिशात परत पाठवी. अशी चार वर्षे गेली, कुणाला कानोकान खबर नव्हती. दहावीला बाहेरून बसण्याचा अर्जही खिशातूनच आला.

परीक्षेच्या दिवसांत थोरली कपडे पोचवायला म्हणून गठ्ठा घेऊन निघे आणि पेपर देऊन येई. शेवटच्या पेपराला एका शेजाऱ्याने चोंबडेपणा करून इस्त्रीवाल्याला सगळे सांगितले.

ती परत आली तेव्हा तिचे सगळे कपडे माझ्यावर घडी करून ठेवलेले होते. इस्त्रीवाल्याने स्वतः इस्त्री केली होती. एक सुरकुती नव्हती.

"बाबा, एकदा ऐका तरी."

"झाला ना पेपर? आता जा."

"मी पळून नाही चालले. मला फक्त शिकायचंय."

"माझी बहीणही हेच म्हणाली होती."

"अहो, पोर कुठे जाईल?" आई दाराशी उभी राहून एवढेच बोलली. थोरलीने कपडे उचलले.

ती पास झाली. आता दुसऱ्या गावी एका दवाखान्यात काम करते आणि संध्याकाळी कॉलेजात जाते. हे सांगायला बाई आल्या, तेव्हा इस्त्रीवाल्याने मान वर केली नाही. त्यानंतर त्यांचे कपडे त्याने घेतले नाहीत.

थोरली गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळी धाकटीचे दप्तर माळ्यावर गेले. थोरलीला निदान सातवी तरी मिळाली होती. धाकटी तेव्हा तिसरीत होती. आज दोन वर्षे ती खोक्यावर उभी राहून इस्त्री करते, कारण तिचा हात माझ्या पलीकडच्या कडेपर्यंत पुरत नाही.

थोरलीची पत्रे येतात. इस्त्रीवाला ती न फोडता परत धाडतो. काल एक पत्र धाकटीच्या हाती पडले. बाप घरात नव्हता. तिने ते उघडले, माझ्यावर पसरले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. दोन शब्द लागले. तिसऱ्यात जोडाक्षर होते, तिथे ती अडली. पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. विचारणार कुणाला? आईला तर अक्षरओळखच नाही. पत्र ताईचे आहे हेही तिला कळले नाही; बाप आल्यावर धाकटीने पत्राची नीट घडी करून ते त्याच्या हाती दिले.

"बाबा, हे तुमचं असेल."

मित्रांनो, माझ्या लाकडाला वाळवी लागली आहे. मला जपा, असे मी म्हणत नाही. पण तुमच्या वर्गातली एखादी मुलगी चार दिवस दिसली नाही, तर तिच्या जागेवर दुसरीला बसवण्याआधी तिच्या घरी जाऊन विचारा. थोरलीसाठी बाई होत्या. धाकटीला विचारायला अजून कुणीही आलेले नाही.