एका चॅनेलवरचा तांडा

नाल्यापलीकडच्या जंगलातून वाघ कपाशीपर्यंत यायला लागला, तेव्हा तांड्यानं घरटी दोन वॉकीटॉकी घेतले, एक घरी ठेवायला, एक शेतात न्यायला. चॅनेल मात्र सगळ्यांत एकच. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. म्हणून देवसिंगनं नियम घातला, थोडक्यात बोला आणि बटण सोडा. नियम देवसिंगचा, एवढ्यावरच धरमसिंगचं पित्त खवळायचं. दोघांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुनं वाकडं होतं.

त्या दिवशी सकाळपासून धरमसिंगचा वॉकीटॉकी मुका होता. लाल दिवा तर छान जळत होता, म्हणजे चार्जिंग भरपूर. धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोनं, मानीबाईनं, वॉकीटॉकीला रात्रीच जुन्या कांचळीचे, म्हणजे चोळीचे, आरसे लावून घट्ट पिशवी शिवून दिली होती. ती दुसरा वॉकीटॉकी घेऊन एकटीच नाल्याकाठी कापूस वेचायला गेलेली. गुडघा धरल्यामुळं धरमसिंग घरी, आणि जीव सगळा तिच्याकडं.

"राखी," तो सुनेला म्हणाला, "देवसिंगनं चॅनेल बदललं. साऱ्याइले सांगतलं, मलेच नाही."

"बाबा, तो असं कायले करन?"

"धुऱ्याचा राग! वाघ आला तं माह्याच घरचं मानूस जावं म्हनते. चोर हाये तो. त्याचा बापबी चोर होता!"

समोरून जाणाऱ्या बायांनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. म्हणजे त्याही फितूर! तो आणखी तोंड सोडत राहिला. देवसिंगच्या दारात विचारायला जाणं मात्र त्याला कमीपणाचं वाटलं.

दुपारी देवसिंगची मोटारसायकल अंगणात आली. मागं मानीबाई, पांढरीफटक.

"वाघ नाल्यात उतरलाय," देवसिंग धापा टाकत म्हणाला. "वयनीले सांगाले मलेच जा लागलं. चॅनेल सकाळपासून तुह्याच तोंडानं भरलं हाये! साऱ्याइले वाटलं, तू मुद्दाम बटन दाबून बसला."

त्याच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून धरमसिंगचाच श्वास घुमत होता. मानीबाईनं धरमसिंगच्या वॉकीटॉकीची पिशवी चाचपली. एक आरसा नेमका बटणावर दाबून बसला होता.

"म्हंजे... सारं आयकलं तुवा?" धरमसिंगनं विचारलं.

"साऱ्या तांड्यानं आयकलं. बापाचंबी."

देवसिंग पिशवी काढायला लागला. धरमसिंगनं त्याचा हात धरला.

"राहू दे. ते साऱ्याइनं आयकलं, हेबी आयकू दे," तो म्हणाला आणि वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला. "देवसिंगनं माही बायको वाचवली. खोटा मी हाओ."