कॉलम कुणाकडे झुकतो

वर्कशॉपात त्या दुपारी इतकी गर्दी झाली, की मागच्यांना लेथ मशीनवर चढून उभं राहावं लागलं. शटर अर्धं ओढलेलं, दिवे घालवलेले, आणि चेल्याच्या झाकणवाल्या धुपाटण्याच्या धुरातून एक लालभडक रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. रेघेचं एक टोक झोतबाबांच्या मुठीत होतं आणि मूठ स्टुलावर टेकवलेली होती. दुसरं टोक लोखंडाला भोकं पाडणाऱ्या मोठ्या बोरिंग मशीनच्या कॉलमला, म्हणजे उभ्या खांबाला घासून पलीकडच्या भिंतीवर लाल टिकली होऊन बसलं होतं.

"आम्ही बोलत नाही, आमचा झोत बोलतो," बाबा म्हणाले आणि मग पाव तास बोलले. लोखंडाचा आत्मा, आत्म्याचं लोखंड, ब्रह्मांडाची कंपनं आणि त्यांचे मायक्रॉन. फोरमन गंभीरपणे मान हलवत होता. त्याला मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कळत होता, म्हणून बाकीचंही खरंच असणार असं तो धरून चालला होता.

"आता हिला पुढे आणा," बाबा म्हणाले.

धाकटी पुढे झाली. घरात ती धाकटी सून, म्हणून वर्कशॉपातही सगळ्यांची धाकटीच. तिचा नवरा याच मशीनवर काम करता करता छातीत कळ येऊन कोसळला होता. लग्नाआधी ती एका कारखान्यात हेच काम करायची, त्यामुळे त्याच्या माघारी मशीन तिने हाती घेतलं. आणि तेव्हापासूनच मशीन बिघडलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं. सकाळी केलेले पंपाचे जॉब, म्हणजे सुटे भाग, बरोबर निघायचे, दुपारनंतरच्या जॉबची भोकं जागा सोडायची. सरकायची केसभरच, पण पंपाला केसभरही चालत नाही. जॉब परत येऊ लागले आणि ज्या कंपनीच्या कामावर वर्कशॉप चालायचं, तिने शेवटची ताकीद दिली.

धाकटी कॉलमपाशी उभी राहिली, तशी भिंतीवरची टिकली थरथरू लागली. तिला मागे घेतलं, टिकली थांबली. पुन्हा पुढे आणलं, पुन्हा टिकली नाचायला लागली. गर्दीतून भीतीचा हुंकार उठला.

"तो आत आहे," बाबा म्हणाले. "रोज दुपारी हिच्याकडे झुकतो. ही इथे आहे तोवर त्याला सुटका नाही आणि तुम्हाला बरकत नाही. हिने माहेरी जावं, परत इथे पाऊल ठेवू नये. हिची पोरगी त्याच्या रक्ताची आहे, ती इथेच राहील."

धाकटीने थोरल्यांकडे पाहिलं. थोरले म्हणजे तिचे मोठे दीर, वर्कशॉपचे मालक. ते हात जोडून रडत होते. माणूस दुष्ट असता तर तिला भांडता तरी आलं असतं. पण ज्या भावाला त्यांनी कडेवर खेळवलं, त्याचा जीव लोखंडात अडकलाय असं कुणी सांगितल्यावर हा माणूस भावजयीलाच काय, स्वतःलाही घराबाहेर काढायला तयार होता.

"भाऊजी, उद्याचा एक दिवस द्या," धाकटी म्हणाली. "मशीन लेसरने मोजून घेते. त्यात दोष नाही निघाला, तर मी जाईन."

"लेसर?" बाबा हसले. "मोजा की. झोताला झोत भेटेल."

बुडत्याला काडीचा आधार, तसा तिने तो एक दिवस पकडला. पोरगी झोपेत तिचा पदर मुठीत धरायची. ती मूठ सोडवून आपण निघतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी लेसरवाल्या बाई आल्या. मशीन सरळ आहे की नाही, हे मोजणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर आपली पेटी बसवली, कॉलमवर सरकणाऱ्या, हत्यार धरणाऱ्या डोक्याला छोटा आरसा लावला आणि धाकटीला ते डोकं वर-खाली करायला सांगितलं. "दोरी ताणली तरी मधे पोटात झुकते," त्या म्हणाल्या, "उजेड झुकत नाही. म्हणून आम्ही त्याच्याशी ताडून बघतो." आरशावरून किरण परत येत होता आणि पडद्यावर आकडे उमटत होते. कॉलम ओळंब्यासारखा सरळ होता.

तेवढ्यात नेहमीची वेळ झाली म्हणून धाकटीने कॉलममागचे तेलाचे दिवे लावले. कॉलमच्या पाठीला एक पोकळ कोनाडा होता, नवरा तिथे आपला डबा ठेवायचा. तो गेल्यापासून ती रोज मशीन चालू करण्याआधी तिथे दिवा लावायची. बाबांनी पहिल्याच भेटीत त्या एकाचे अकरा करवले होते, बाहेरून भोकाभोकांचं पत्र्याचं झाकणही बसवून घेतलं होतं. त्यानंतर जॉब जास्तच बिघडले, तेव्हा बाबा म्हणाले होते की आत्मा जागा झाला, उपाय लागू पडतोय.

दुपारी बाईंनी परत मोजलं. आजही गर्दी होती, बाबाही चेल्याला घेऊन आले होते. बाईंनी आकडे दोनदा तपासले.

"कॉलम झुकलाय," त्या म्हणाल्या.

"कुठल्या बाजूला?" थोरल्यांनी विचारलं.

"पुढे. ऑपरेटर उभा राहतो तिकडे."

"यंत्रानेही साक्ष दिली," बाबा गरजले.

मोजायला धाकटीनेच बोलावलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या क्षणी तिलाही ते पटलं. नवरा खरंच वाकून आपल्याला बोलावतोय, असं वाटून ती कॉलमला टेकली आणि हुंदके देऊ लागली.

बाई मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. "झुकला हे खरं. पण लोखंड कारणाशिवाय झुकत नाही. याच्या पाठीला काय आहे?"

त्या मागे गेल्या. कोनाड्याचं झाकण काढलं, वरच्या लोखंडाला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. "मालक, इथे हात लावा. आता पुढून लावा."

पाठ चटका देत होती. पुढची बाजू नेहमीसारखी गार होती.

"तापलं की लोखंड वाढतं. पाठ वाढली, पोट तेवढंच राहिलं. मग कॉलम पुढे वाकेल, नाहीतर काय करेल? दिवे विझवा आणि थांबा. बघू तुमचा भाऊ अजून झुकतो का."

थोरल्यांनी स्वतः दिवे विझवले.

"आणि आमची टिकली?" चेला तोऱ्यात म्हणाला. "ती हिच्यासाठीच नाचली ना?"

बाईंनी पेटी वळवून आपली लाल टिकली त्याच भिंतीवर टाकली. किरणाच्या वाटेखाली चेल्याचं झाकणवालं धुपाटणं होतंच. त्यांनी झाकण काढलं, टिकली नाचली. झाकण ठेवलं, टिकली थांबली. धाकटी आता कॉलमपासून लांब उभी होती. "गरम हवेतून उजेड थरथरतो. आमच्या कामातली ही रोजची डोकेदुखी आहे, यांनी तिचा देव केला."

"काल ही पुढे आली की हा झाकण काढायचा, मागे गेली की घालायचा," एक लेथवाला खालमानेने म्हणाला. "मी वर उभा होतो, दिसत होतं मला. वाटलं, विधी असेल."

"आमचा झोत वेगळा आहे. तुमचा विकतचा," बाबा म्हणाले आणि त्यांनी काढता पाय घेतला. हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असंसुद्धा नव्हतं. इथे औषधानेच रोग वाढवला होता.

बाईंनी पेटी परत कॉलमकडे वळवली. जाड लोखंड सावकाश निवतं. संध्याकाळ होईपर्यंत आकडे हळूहळू उतरत गेले आणि कॉलम सकाळसारखा सरळ झाला. लोक पांगले. थोरले रिकाम्या खोक्यावर बसून राहिले.

"म्हणजे तो आत नाही?" त्यांनी विचारलं. "मी रोज दुपारी इथे येऊन बोलायचो त्याच्याशी. तो वाकून ऐकतोय असं वाटायचं."

धाकटी त्यांच्या शेजारी बसली. "नाही, भाऊजी. तो गेला."

थोरल्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

"मलाही आज वाटलं होतं, तो बोलावतोय म्हणून," ती म्हणाली. "पण दिवा माझाच होता, आणि त्याचा दोष मशीनवर आला, माझ्यावर आला. त्यासाठी तुम्ही मला माझ्या लेकरापासून तोडणार होतात. इतक्या दिवसांत आपल्यापैकी एकाने तरी पाठीमागे हात लावून बघायचा होता."

थोरले उठले आणि त्यांनी कॉलमच्या निवलेल्या पाठीला हात लावला. तुम्ही-आम्ही तरी वेळेवर कुठे लावतो? दुःखात बुद्धी चालत नाही, हे खरं. म्हणून तर बाबा नेमका तेव्हाच दार वाजवतो. तो घरातल्या कुणाकडे बोट दाखवील, तेव्हा घाबरा, रडा, पण त्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी एकदा मोजा, मागे जाऊन हात लावून बघा, कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा. गेलेल्या माणसाला परत आणायचा उपाय कुणाकडेच नाही. त्याच्या नादात जिवंत माणूस मात्र घालवून बसता येतं, आणि त्यासाठी बाबाचे हात लागत नाहीत, आपलेच पुरतात.