हैदराबादमार्गे भाऊबीज

सोनेरी कार्ड टिकलं असतं, तर मला वर्षभरात पुढील फायदा होणार होता: विमानतळाच्या लाउंजमध्ये अंदाजे तीस वेळा फुकट नाश्ता, दहा किलो जादा सामान, पहिल्या तीन रांगांत जागा, आणि रांगेत ताटकळलेल्या माणसांच्या शेजारून, त्यांना न बघितल्यासारखं करून, पुढे निघून जाण्याचं सुख. शेवटच्या कलमाची किंमत मला काढता आली नाही. पण सगळ्यात महाग तेच होतं.

मी पंप विकतो. त्यासाठी देशभर हिंडतो आणि दिल्लीत मयूर विहारला राहतो, असं निदान आधार कार्ड म्हणतं. विमान कंपनीची अट सोपी होती: वर्षात चोवीस उड्डाणं. दिवाळीपर्यंत माझी बावीस झाली होती, आणि ऑफिसने खर्चकपात म्हणून नव्या वर्षापर्यंतचे सगळे दौरे बंद केले होते. उरला होता फक्त पुण्याला सासरी दिवाळी करून एकट्याने दिल्लीला परतायचा प्रवास, तोही भाऊबीजेच्या सकाळी. थेट आलो तर तेवीस. हैदराबादला विमान बदलून आलो तर चोवीस. वर ते तिकीट अकराशे चाळीस रुपयांनी स्वस्त.

'उपम्यासाठी हैदराबाद?' लतिका म्हणाली. ती माझी बायको असल्यामुळे तिला कुठल्याही योजनेचं सार लगेच कळतं.

खरी अडचण होती कुमुदताई. ताई तीस वर्षं फरीदाबादला आहे. तिचा नेम असा की भाऊबीजेला मला ओवाळल्याशिवाय पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. मागची दोन वर्षं मी चुकलो होतो, एकदा कोइमतूरमुळे, एकदा इंदूरच्या डीलरमुळे. दोन्ही वर्षं तिने, भाऊ नसलेल्या बायका करतात तसं, संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं आणि मग ती जेवली.

यंदा आठवडाभर आधी तिचा फोन आला. 'विश्वनाथ, या वेळी चुकलास तर तुझा पाट मी कायमचा चंद्राला देऊन टाकीन. तो दोन्ही वर्षं वेळेवर आला. क्लायंट आहे म्हणाला नाही.'

'ताई, बिल्कुल चुकणार नाही. साडेबाराला दिल्लीत उतरतो, दोनला तुझ्याकडे.'

'इतका उशीर? सकाळचं थेट विमान असतं ना?'

'भरलंय गं. दिवाळी आहे.'

भरलेलं नव्हतं.

सव्वाआठला हैदराबादला उतरलो आणि कार्ड दाखवून लाउंजमध्ये शिरलो. उपमा चांगला होता. फुकट असला की मला तो नेहमीच चांगला लागतो. दुसरी बशी घेतली तेवढ्यात ताईचा फोन.

'काही खाल्लंस का?'

'छे, तू उपाशी असताना?' मी म्हणालो आणि चमचा बशीत आवाज न करता ठेवला.

दहाचं विमान दिल्लीच्या धुरामुळे अकराला, मग एकला गेलं. गेलं म्हणजे फलकावर. प्रत्यक्षात ते रद्द झालं. दिवाळीनंतर आमच्या दिल्लीत काय होतं हे मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. मी तिथे बावीस वर्षं खोकतोय. पण अकराशे चाळीस आणि एक उड्डाण असं समोर दिसलं की माणसाला धूर दिसत नाही.

शेवटी तीन वाजता आम्हाला दुसऱ्या एका कंपनीच्या विमानात बसवलं. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, 'हे उड्डाण माझ्या खात्यात धरलं जाईल ना?'

मागे एक बाई रडक्या बाळाला घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'भाईसाब, आप पहुँच जाइए, यही बहुत है.'

सहाला दिल्लीत उतरलो. मेट्रो स्वस्त पडली असती, पण चंद्र माझ्या पुढे निघाला होता. बीजेची कोर, सूर्यामागोमाग दीड-दोन तासांत मावळणारी. टॅक्सी केली. ती फरीदाबादच्या वेशीवर, बदरपूरला अडकली ती अडकलीच. सात वाजता भाचीला फोन लावला.

'पूर्वी, आई काय करतेय?'

'मामा, आई टेरेसवर आहे. थाळी घेऊन. ते... काय म्हणतात, आरती करायची ना चाँदची.'

'ओवाळायचं.'

'हां, तेच. पण चाँद दिसतच नाहीये यार, इतना धुआँ है. मी ॲपमध्ये दाखवला तिला, एग्झॅक्टली पाण्याच्या टाकीच्या मागे आहे. तर आई म्हणाली, मी मोबाइलला ओवाळू का?'

माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो: बरं झालं. माझा प्रतिस्पर्धीही गैरहजर होता. पाट अजून रिकामा होता. मग लक्षात आलं की चंद्र दिसला नाही म्हणजे ताई अजून जेवलेली नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी दार पद्माकररावांनी उघडलं. हे माझे मेहुणे. कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले, पण अकाउंट्स त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कानाशी येऊन हळूच म्हणाले, 'थेट विमानात आठ जागा होत्या. मी बघितलं होतं. हिला सांगितलं नाही.'

'तुम्ही जेवलात?'

'साडेबाराला. उपास तिचा होता.'

पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी, तिच्यावरून कुणीतरी दिवसभर जपून पाय टाकलेला. ताईचा चेहरा सुकलेला होता. तिने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, निरांजन फिरवायला लागली. दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा ते माझ्या छातीपाशी थांबलं. निरांजनाच्या उजेडात ती शर्टाच्या खिशाकडे वाकून बघत होती.

'कढीपत्ता,' ती म्हणाली. खिशाच्या कडेवरचं पान तिने चिमटीत उचललं. 'आणि ही मोहरी. उपमा होता का रे?'

'थोडासाच.'

'किती बश्या?'

'दोन.'

पद्माकररावांना एकदम खोकला आला. धूरच तेवढा होता.

ताईने ते पान तबकाच्या कडेला ठेवलं, राहिलेलं ओवाळणं पूर्ण केलं आणि जमिनीवर बसून घेतलं, कारण तिला उभं राहवत नव्हतं. पूर्वीने श्रीखंडाची वाटी हातात दिल्यावर पहिला घास घेऊन म्हणाली, 'पुढच्या वर्षीचं तिकीट मी काढणार. थेट. पाट राहिला तुझ्याकडे. पण तू आलास म्हणून नाही हं, तो नाही आला म्हणून.'

मी तबकात अकराशेचं पाकीट ठेवलं होतं. दोन बश्या आठवून त्यात आणखी पाचशे घातले. ॲप उघडून पाहिलं: तेवीस. परक्या विमानाचं उड्डाण धरलेलं नव्हतं. कार्ड गेलं.

निघताना ताईने विचारलं, 'टॅक्सीला किती पडले?'

'चौदाशे दहा.'

तिने पाकीट उघडलं, सोळाशे मोजले, आणि सगळेच माझ्या खिशात कोंबले, जिथून कढीपत्ता काढला होता तिथेच. 'परत जायलाही लागतील.'

तर एकूण जमाखर्च असा. तिकिटात वाचलेले अकराशे चाळीस माझे. उपमा विमान कंपनीचा. टॅक्सी ताईची, ओवाळणी ताईचीच, श्रीखंड ताईचं, आणि सकाळी सहापासूनचे चौदा उपाशी तास, तेही ताईचे. मी 'नको, नको' म्हणालो होतो. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.