हाताची सही

पानगळीचं ऊन उतरणीला लागलं होतं. ताम्रवर्ण मेपल, सुवर्णपर्ण बर्च आणि उताराखाली उपसागराचं निस्तेज, करडं, शिणलेलं पाणी. वारासुद्धा जरा चालायचा नि जरा टेकायचा.

व्हरांड्यातल्या खुर्चीत एल्डन व्हिटकोम बसले होते. युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री. त्यांच्या एका होकारानं महासागरातली जहाजं वळत, एका नकारानं सेनापती घरी बसत. आता सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या हाताला कॉफीचा कप ओठांपर्यंत नेणं जड जात होतं.

समोर ओपल ट्रेस्क होत्या. नेब्रास्काहून दोन दिवस बसनं आलेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा रुबेन त्या युद्धात गेला, तेव्हा मंत्र्यांचं सांत्वनपत्र आलं होतं. खाली निळी, डौलदार सही. त्या सहीचा बाईंना केवढा आधार वाटला होता. मग एकदा शेजारच्या गावातल्या दुसऱ्या आईचं पत्र नि आपलं पत्र त्यांनी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरलं. सहीवर सही बसली, केसभरही हलली नाही. माणसाचा हात असं कधी करतो होय? सही यंत्रानं केली होती.

"पत्रं फार होती," व्हिटकोम म्हणाले. "हात पुरला नसता."

"असेल." बाईंनी ते पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. "आता यावर एक सही करा. माझ्यासमोर, हातानं."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? त्यांनी पेन उचललं. अक्षर उठे, अडखळे, कोसळे. पुन्हा उठे, पुन्हा अडखळे. पहिलं अक्षर होईतो कपाळावर घाम आला. दोनदा पेन गळून पडलं, दोनदा बाईंनी ते उचलून दिलं. यंत्र पापणी लवेतो करी, त्या कामाला पाव तास लागला, आणि त्या पाव तासात म्हाताऱ्याला भयंकर लाज वाटली.

बाईंनी ती वाकडीतिकडी सही डोळे भरून पाहिली.

"ही खरी," त्या म्हणाल्या.

व्हिटकोमांच्या छातीवरचा धोंडा हलला. सुटलो, असं त्यांना वाटलं. पण बाईंनी पत्राची घडी केली नि त्यांच्याच मांडीवर ठेवली.

"तुमचे कागद ग्रंथालयवाले न्यायला येणार, असं पेपरात वाचलं. ते पिढ्यान्‌पिढ्या जपतील. माझ्यामागं रुबेनचं कुणी नाही. हेही त्यांतच ठेवा. सगळ्यांत वर."

एवढं बोलून त्या पायऱ्या उतरल्या.

पाहायला आता कुणी नव्हतं. कागद बाजूला सारला असता तर कुणाला कळलं असतं? पत्र घेऊन, खुर्चीचे हात धरत, भिंत धरत व्हिटकोम आतल्या खोलीत गेले. कारकिर्दीचं खोकं उघडं होतं. आत आदेशांवर आदेश, नकाशांवर नकाशे, विजयाच्या भाषणांवर भाषणं. त्यांनी वाकून पत्र ठेवलं.

वर रुबेन. खाली सारं युद्ध.